विषय बदलण्याची जर्मन रीत

परकी भाषा शिकणाऱ्याला काही महिन्यांत प्रश्न विचारता येतो, उत्तर देता येते, दुकानात जिन्नस मागता येतो, स्थानकावर गाडीची वेळ विचारता येते. तरीही चार जर्मन माणसे गप्पा मारीत बसली की तोच विद्यार्थी मुका होतो. शब्द कमी पडतात हेच याचे कारण नेहमी असते असे नाही. बोलणे हवापाण्यावरून प्रवासावर आणि प्रवासावरून घरभाड्यावर जाते. हे वळण कोठे आले ते त्याच्या ध्यानात येत नाही, आणि आपल्याला सुचलेली गोष्ट मध्येच कशी घालावी हेही उमगत नाही. बोलावे तर दुसऱ्याचे बोलणे तोडल्यासारखे होते. गप्प बसावे तर तुसडेपणा पदरी येतो. ही वळणे दाखविणारे जे लहान लहान शब्दप्रयोग जर्मन भाषेत आहेत, त्यांचा येथे विचार करावयाचा आहे.

अशी सोय आपल्याकडेही आहेच. 'त्यावरून आठवले', 'बरे का', 'ते राहू द्या', 'मूळ मुद्द्यावर येऊ' हे आपण दिवसातून दहादा म्हणतो. जर्मन शिकताना ध्यानात धरावयाचे ते एवढेच की, जुन्या विषयाचे नव्या विषयाशी नाते काय, हे पाहून शब्द निवडावा लागतो.

दोन विषयांत नाते असेल तर 'आप्रोपो' हा शब्द कामास येतो. तो मूळचा फ्रेंच, पण जर्मनमध्ये आता घरचाच झाला आहे. कोणी सुट्टीचा विषय काढला की दुसरा म्हणतो, 'आप्रोपो ऊर्लाउप', म्हणजे 'सुट्टीवरून आठवले', आणि आपली गोष्ट सांगू लागतो. समोरच्याच्या बोलण्यातला एक शब्द उचलावयाचा आणि 'आप्रोपो'च्या पुढे ठेवावयाचा, इतकीच कृती. 'डाबाय फेल्ट मिर आइन' याचा भाव 'यावरून मला सुचते' असा आहे. 'डा वीर गेराडे डाफोन श्प्रेखेन' म्हणजे 'आता त्याच्याविषयी बोलतोच आहोत, तर'. या तिन्ही प्रयोगांत समोरच्याला एक पावती मिळते : तुमचे बोलणे मी ऐकले, आणि माझे बोलणे त्यातूनच निघाले आहे.

नाते नसेल तेव्हा 'यूब्रिगेन्स' म्हणतात. 'यूब्रिग' म्हणजे उरलेले. 'जाता जाता आणखी एक सांगतो' असा त्याचा भाव. हा शब्द वाक्याच्या आरंभी आला म्हणजे व्याकरणाकडे लक्ष द्यावे लागते. साध्या जर्मन विधानात क्रियापद दुसऱ्या स्थानी असते. म्हणून 'इख हाबे' हा क्रम उलटतो आणि 'यूब्रिगेन्स हाबे इख गेस्टर्न ईरेन ब्रूडर गेझेएन', म्हणजे 'बरे का, काल तुमच्या भावाला पाहिले', असे वाक्य होते. 'यूब्रिगेन्स' म्हणून क्षणभर थांबले, तर मात्र पुढचा क्रम सरळ राहू शकतो. विषय अगदीच वेगळा असेल तर 'माल वास आन्डेरेस', म्हणजे 'जरा दुसरेच काही', असे सांगून टाकावे. मित्रमंडळीत नुसते 'टेमावेक्सेल', म्हणजे 'विषयबदल', एवढे म्हटले तरी चालते. संबंध नसताना ओढून-ताणून तो लावण्यापेक्षा हे सरळ सांगणे बरे.

तिसरा प्रकार परतण्याचा. 'उम आउफ ईरे फ्रागे त्सुरुक्त्सुकोमेन' म्हणजे 'तुमच्या प्रश्नाकडे परत यावयाचे तर'. सभेत हे वाक्य फार उपयोगी पडते, कारण मध्ये कितीही फाटे फुटले तरी विचारणाऱ्याचा प्रश्न आपण विसरलो नाही, हे त्यातून कळते. याचेच एक जुने, गमतीदार रूप 'त्या उपरोक्त मेंढ्याकडे परत यावयाचे तर' असे आहे. त्याचे मूळ पंधराव्या शतकातील पातलँ वकिलाच्या फ्रेंच प्रहसनात सापडते. एक कापडव्यापारी मेंढ्यांच्या चोरीबद्दल धनगरावर फिर्याद करतो. पण आपले कापड फसवून नेणारा लबाड तोच धनगराचा वकील, हे पाहताच तो गोंधळतो आणि मेंढ्या व कापड यांची खिचडी करतो. न्यायाधीश बिचारा त्याला पुन्हा मेंढ्यांकडे वळवीत राहतो.

या गोंधळालाही जर्मनमध्ये शब्द आहेत. भरकटणारा मनुष्य 'शंभराव्यावरून हजाराव्यावर' जातो, आणि त्याचा 'तांबडा धागा' हरवतो. हा धागा महाकवी गटेच्या १८०९ सालच्या 'डी वालफेरवान्टशाफ्टन' या कादंबरीमुळे प्रसिद्ध झाला. इंग्लंडच्या राजाच्या आरमारातील दोरखंडांत एक तांबडा धागा असा विणलेला असतो की, सगळा दोर उसवल्यावाचून तो काढता येत नाही, असे गटे तेथे सांगतो. संभाषणातही असा धागा असावा, ही जर्मन माणसाची अपेक्षा.

मात्र विषय बदलण्याचा आणखी एक हेतू असतो, आणि तो मोलाचा आहे म्हणूनच धोक्याचाही आहे. तो म्हणजे विषय टाळणे. 'लासेन वीर डास' म्हणजे 'ते राहू द्या'. 'डास इस्ट आइन वाइटेस फेल्ट' म्हणजे 'हे फार विस्तीर्ण शेत आहे', त्यात शिरलो तर अंत लागणार नाही. समोरचा दुःखी असेल, तर असे शब्द दयेचे ठरतात. पण टेओडोर फोन्टाने याच्या 'एफी ब्रीस्ट' या, १८९५ साली पुस्तकरूपाने आलेल्या कादंबरीत हेच विस्तीर्ण शेत नायिकेच्या वडिलांच्या तोंडी पुन्हा पुन्हा येते. सतरा वर्षांच्या मुलीचे लग्न दुपटीहून अधिक वयाच्या माणसाशी होते, पुढे संसार मोडतो, आणि ऐन तारुण्यात ती मरण पावते. यात आपलाही दोष होता काय, असा प्रश्न आई अखेरीस काढते. त्याला उत्तर देण्याऐवजी बाप आपल्या त्याच ठेवणीतल्या शब्दांचा आडोसा घेतो, आणि कादंबरी संपते. जो प्रश्न मुलीच्या लग्नाआधी विचारावयास हवा होता, तो तिच्या मृत्यूनंतरही अनुत्तरित राहतो.

म्हणून हे प्रयोग पाठ करणाऱ्याने शब्दांबरोबर त्यांचा उपयोगही तोलून पाहावा. संबंध असेल तेथे 'आप्रोपो', नसेल तेथे 'यूब्रिगेन्स', आणि दुसऱ्याचा प्रश्न अर्धा राहिला असेल तर त्याच्याकडे परत जाणे, इतके साधले तरी जर्मन मंडळीत बसणे अवघड वाटणार नाही. या तिन्हींतले शेवटचे सर्वांत कठीण आहे. कारण त्यासाठी बोलता येण्याआधी ऐकता यावे लागते.