मान पुढे, दुखणे मागे

स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकेत दिवसाचे दहा तास बसणारा विद्यार्थी, शिलाई मशिनवर वाकलेला शिंपी, दागिन्यात खडे बसवणारा कारागीर, मांडीवर लॅपटॉप घेऊन घरून काम करणारी कर्मचारी आणि लोकलच्या गर्दीतही मोबाइलवरची नजर न हटवणारा प्रवासी. कामे वेगळी असली तरी या सगळ्यांची मान मात्र एकाच पद्धतीने पुढे आलेली दिसते. संध्याकाळी मान आखडते, खांदे जड होतात, डोके मागून ठणकते. मग कुणी बाम चोळतो, कुणी उशी बदलतो, तर कुणी थेट मानेचा पट्टा विकत आणतो.

उभ्या माणसाकडे बाजूने पाहिले, तर कान साधारणपणे खांद्याच्या सरळ वर यायला हवा. तो खांद्याच्या बराच पुढे दिसत असेल, तर त्या ठेवणीला ‘फॉरवर्ड हेड पोश्चर’ म्हणतात. आपली ठेवण पाहायची असेल, तर नेहमीसारखे उभे राहून घरातल्या कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगावे. मुद्दाम ताठ उभे राहून काढलेल्या फोटोचा मात्र काही उपयोग नाही.

भार नेमका कुठे पडतो?

प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते साडेपाच किलो असते. डोके मणक्यांच्या बरोबर वर असेल, तर ते तोलून धरायला स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत. पाण्याने भरलेली कळशी कमरेशी धरली तर पेलते, तीच हात लांब करून धरली तर दोन मिनिटांत हात भरून येतो. डोके पुढे गेले की मानेमागच्या स्नायूंचे असेच होते. न्यूयॉर्कमधील मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी 2014 मध्ये गणिती प्रारूपाच्या आधारे काढलेल्या अंदाजानुसार, मान 15 अंश झुकल्यावर मानेच्या मणक्यांवर सुमारे 12 किलो, 30 अंशांत 18 किलो आणि 60 अंशांत 27 किलो इतका भार येतो. हे आकडे मोबाइलवर खूप फिरले. पण ती आकडेमोड होती, माणसांच्या मानेवर केलेले मोजमाप नव्हे, हे त्यासोबत कुणी सांगितले नाही.

मान पुढे आली तरी नजर समोरच ठेवावी लागते. त्यासाठी मानेचा खालचा भाग पुढे वाकतो आणि वरचा भाग मागे मुडपतो. कवटीच्या तळाशी असलेले छोटे स्नायू सतत आवळलेले राहतात. मागून सुरू होऊन कपाळाकडे सरकणाऱ्या डोकेदुखीत त्यांचा वाटा असू शकतो. घशाच्या मागे, मणक्यांना लागून असलेले खोल स्नायू वापराअभावी दुबळे होतात. खांदे पुढे गोल होतात, छातीचे स्नायू आखडतात, पाठीचा वरचा भाग वाकतो. अशा ठेवणीत छातीचा पिंजरा मोकळेपणाने फुलत नाही. निरोगी तरुणांवर झालेल्या छोट्या प्रयोगांत श्वासाची क्षमता काहीशी घटलेलीही आढळली आहे.

घाबरण्याचे कारण आहे का?

मान पुढे आहे म्हणजे ती दुखणारच, असे नाही. ऑस्ट्रेलियात 17 वर्षांच्या हजाराहून अधिक मुलामुलींच्या बसण्याच्या ठेवणीचा अभ्यास झाला. तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मानेची ठेवण आणि मानदुखी यांचा थेट संबंध दिसला नाही. प्रौढांमध्ये मात्र मानदुखी असणाऱ्यांची मान इतरांपेक्षा पुढे असल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात आढळले आहे. त्यातही ठेवणीमुळे दुखणे आले की दुखण्यामुळे ठेवण बिघडली, हे सहज सांगता येत नाही. झोप, ताण, बैठे काम आणि वय यांचाही मानदुखीशी संबंध असतो. म्हणून फोटोत मान पुढे दिसली, एवढ्यावरून मणके झिजल्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. खरा त्रास होतो तो एकाच स्थितीत तासन्‌तास राहिल्याने आणि स्नायू दुबळे पडल्याने. या दोन्ही गोष्टी बदलता येतात.

घरच्या घरी काय करावे?

पहिला व्यायाम हनुवटीचा. भिंतीला पाठ टेकून बसावे, नजर समोर ठेवावी. हनुवटी वर-खाली न करता सरळ मागे सरकवावी. हनुवटीखाली वळी पडली की व्यायाम बरोबर होतो आहे असे समजावे. पाच सेकंद थांबून सैल सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा करावे.

दुसरा छातीचा. दाराच्या चौकटीत उभे राहून दोन्ही हात कोपरात वाकवून चौकटीला टेकवावेत, कोपरे खांद्याच्या उंचीवर ठेवावीत. एक पाऊल पुढे टाकून छातीला ताण जाणवू द्यावा आणि 20 ते 30 सेकंद थांबावे.

तिसरा खांद्यांचा. व्यायामाचा रबरी पट्टा पायाखाली धरून दोन्ही हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत सावकाश उचलावेत. डेन्मार्कमध्ये मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या 198 प्रौढांवर झालेल्या चाचणीत, रोज अवघी दोन मिनिटे असा व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे दहा आठवड्यांत कमी झाले. ही चाचणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली.

व्यायामाबरोबर बसण्याची जागाही सुधारावी लागते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला असावी. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तके ठेवून वेगळा कीबोर्ड जोडला, तरी काम भागते. वाचताना पुस्तक उतरत्या डेस्कवर ठेवावे. मोबाइल डोळ्यांजवळ उचलावा आणि कोपराला दुसऱ्या हाताचा आधार द्यावा. चाळिशीनंतर बायफोकल चष्मा लावणारे अनेकजण संगणकाकडे पाहताना नकळत हनुवटी वर करून मान पुढे काढतात. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना पडद्याचे अंतर सांगून वेगळा चष्मा करून घेणे बरे. आणि दर अर्ध्या तासाने उठावे, मग ते पाणी प्यायला का असेना.

हे टाळा

केस कापून झाल्यावर सलूनमध्ये मान ‘कडकड’ मोडून घेण्याची सवय अनेकांना आहे. मानेला असा अचानक झटका बसल्याने मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. ती विरळ असली, तरी क्षणभराच्या आरामासाठी हा धोका पत्करू नये. मानेचा पट्टाही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दिवसेंदिवस वापरू नये. स्नायूंना काम उरले नाही की ते आणखी दुबळे होतात.

हाताला मुंग्या येणे, बधिरपणा, हातातून वस्तू निसटणे, शर्टाची बटणे लावताना बोटे न वळणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, पडल्यानंतर किंवा तापासोबत मान दुखणे, यांपैकी काहीही आढळल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. मानेबरोबर छाती, जबडा किंवा डावा हात दुखून घाम येत असेल, तर दुखणे मानेचे नसून हृदयाचे असू शकते. अशा वेळी बाम चोळत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे.

वर्षानुवर्षांची सवय आठवड्यात जात नाही. दिवसभर मान ताठ ठेवण्याचा अट्टहास केला, तर तीही एक अवघडलेलीच बैठक होते. बसण्याची पद्धत अधूनमधून बदलत राहावी, रोज पाच-दहा मिनिटे व्यायामाला द्यावीत आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा बाजूने फोटो काढावा. कान फारसा मागे सरकलेला दिसला नाही आणि तरीही संध्याकाळचा ठणका थांबला असेल, तर उपाय लागू पडला असे खुशाल समजावे.