मूठभर दाण्यांचा हिशेब

दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणात सात-आठ तासांचे अंतर पडते अशा घरांत मधल्या वेळेचे खाणे ही चैन राहत नाही, ती गरज ठरते. आणि ही गरज बहुतेक ठिकाणी चहाबरोबरची बिस्किटे, शेव-फरसाण, वेफर्स किंवा कोपऱ्यावरचा वडापाव यांवर भागवली जाते. या पदार्थांत मैदा, साखर, मीठ आणि तळणीचे तेल यांचा भर असतो आणि तंतुमय भाग अल्प असतो, त्यामुळे त्यांतून ऊर्जा भरपूर मिळूनही पोट भरल्याची भावना फार काळ टिकत नाही. त्याच घरात शेंगदाण्यांची बरणी हाताशी असते, पण ती खिचडीच्या, कुटाच्या आणि चटणीच्या कामाची मानली जाते. बदाम, काजू, पिस्ते आणि अक्रोड यांना सणासुदीचे, बाळंतिणीच्या लाडवांचे किंवा परगावच्या पाहुण्यांचे स्थान असते. रोजच्या खाण्यात कवचफळांचा विचार करताना किमतीवरून ठरलेली ही उतरंड सर्वांत आधी बाजूला ठेवावी लागते, कारण पोषणाच्या दृष्टीने ती फारशी टिकत नाही.

कवचफळे म्हणजे टणक कवचातून निघणाऱ्या, स्निग्धांशाने समृद्ध अशा खाद्य बिया. बाजारात सुकामेवा या एकाच नावाखाली त्यांच्याबरोबर मनुका, खजूर आणि अंजीरही विकले जातात. परंतु ही वाळवलेली फळे असून त्यांच्या वजनाचा साधारण निम्मा किंवा त्याहून अधिक भाग साखरेचा असतो, त्यामुळे आहाराच्या हिशेबात त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. वनस्पतिशास्त्राच्या काटेकोर व्याख्येत तर हेझलनट आणि चेस्टनट यांसारखी थोडीच फळे खऱ्या अर्थाने कवचफळे ठरतात. बदाम हे पीचच्या जातकुळीतील फळाच्या आठोळीतले बी आहे, तर काजू, पिस्ता, चारोळी आणि बिब्ब्यातली गोडंबी ही सर्व आंब्याच्या कुळातील मंडळी आहेत. बिब्ब्याचे तेल अंगावर उतते आणि काजूच्या टरफलातील चीक सोलणाऱ्यांची बोटे भाजतो, यामागे या कुळात आढळणारी त्वचादाहक द्रव्येच आहेत. ब्राझीलमधून सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेला काजू कोकणच्या जांभ्या जमिनीत इतका रुजला, की वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने निवडलेल्या त्याच्या जाती आज सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या बागांत सर्रास दिसतात.

शेंगदाण्याचे कूळ मात्र पूर्णपणे निराळे आहे. तो तूर, हरभरा आणि मूग यांचा भाऊबंद, म्हणजे कडधान्यवर्गातला असून तोही मूळचा दक्षिण अमेरिकेतलाच आहे. पिवळे फूल जमिनीच्या वर उमलते आणि फळते. त्यानंतर फुलाच्या तळातून निघालेला देठ, ज्याला शेतकरी आरी म्हणतात, खाली वळून मातीत शिरतो आणि त्याच्या टोकाशी अंधारात शेंग पोसते. आऱ्या सुटण्याच्या वेळी जमीन भुसभुशीत आणि ओलसर असावी, हा भुईमुगाच्या लागवडीतला मूलभूत नियम आहे. बी सांभाळण्याची आणि पोसण्याची ही तऱ्हा बदामाहून इतकी वेगळी असूनही दोन्ही दाण्यांच्या आतला ऐवज आश्चर्य वाटावे इतका सारखा निघतो.

शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने, 49 ग्रॅम स्निग्धांश आणि आठ-नऊ ग्रॅम तंतू असतात. तेवढ्याच बदामांत प्रथिने सुमारे 21 ग्रॅम, स्निग्धांश 50 ग्रॅम आणि तंतू 12 ग्रॅम असतात. ई जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांत बदाम स्पष्टपणे पुढे आहे, तर नायसिन हे ब गटातील जीवनसत्त्व आणि फोलेट यांत शेंगदाणा बदामाला कितीतरी मागे टाकतो. काजूत प्रथिने 18 ग्रॅमच्या आसपास आणि तंतू जेमतेम तीन ग्रॅम असतात, आणि पिष्टमय भाग इतरांपेक्षा बराच जास्त असतो. त्याची गोडसर, दुधाळ चव त्यामुळेच आवडते, पण रोजच्या मुठीसाठी तो पहिल्या पसंतीचा ठरत नाही. अक्रोडाची खासियत अशी, की त्याच्या 65 टक्के स्निग्धांशात अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींत आढळणारे ओमेगा-3 प्रकारचे आम्ल, चांगल्या प्रमाणात असते. हे आम्ल शेंगदाण्यात आणि बदामात जवळजवळ नसते. मात्र जवसाची चटणी ज्या घरात नियमित होते त्या घराला केवळ या एका आम्लासाठी अक्रोड विकत घेण्याचे कारण उरत नाही. थोडक्यात, या दाण्यांमधले फरक खरे असले तरी ते किमतीतल्या अनेकपट फरकाचे समर्थन करण्याइतके मोठे नाहीत.

सर्वच कवचफळांतील स्निग्धांश प्रामुख्याने असंतृप्त, म्हणजे साध्या तापमानाला द्रव राहणारा असतो. संतृप्त मेदाच्या जागी असा मेद आहारात आला, की रक्तातील एलडीएल नावाचे, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचणारे कोलेस्टेरॉल कमी होते. या विषयावरील 25 प्रयोगांच्या 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात, रोज सरासरी 67 ग्रॅम कवचफळे खाणाऱ्यांचे एलडीएल सुमारे सात टक्क्यांनी उतरल्याचे दिसले. त्याआधी 1992 मध्ये कॅलिफोर्नियातील सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या सुमारे 31 हजार अनुयायांची पाहणी प्रसिद्ध झाली होती, आणि तीत आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा कवचफळे खाणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण, ती क्वचित खाणाऱ्यांच्या तुलनेत, जवळजवळ निम्मे आढळले होते. या मंडळींच्या खाण्यात शेंगदाण्यांचा वाटा मोठा होता, ही बाब येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. अर्थात अशा निरीक्षणात्मक पाहण्यांची एक मर्यादा असते: जो माणूस नियमित दाणे खातो तो बहुधा चालतोही जास्त आणि धूम्रपानही कमी करतो, आणि गणिताने कितीही वजावट केली तरी या सवयींचा प्रभाव पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. स्पेनमध्ये सुमारे 7,400 जोखमीच्या व्यक्तींवर झालेल्या प्रयोगाने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. त्यातील एका गटाला भूमध्यसागरी पद्धतीच्या आहारासोबत रोज 30 ग्रॅम अक्रोड, बदाम आणि हेझलनट दिले गेले, आणि कमी मेदाचा आहार सुचवलेल्या गटापेक्षा या गटात हृदयविकार व पक्षाघात यांचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी कमी भरले. या प्रयोगाचा 2013 चा शोधनिबंध गटवाटपातील त्रुटींमुळे 2018 मध्ये मागे घेऊन, नव्या विश्लेषणासह पुन्हा प्रसिद्ध करावा लागला. निष्कर्ष साधारण तोच राहिला, पण भाषा अधिक सावध झाली. आहारविषयक दाव्यांच्या बाबतीत अशी सावध भाषाच अधिक विश्वासार्ह मानावी.

निम्मे वजन मेदाचे असलेल्या पदार्थाने वजन वाढेल, ही शंका स्वाभाविक आहे, आणि तिचे उत्तर दाण्याच्या रचनेत सापडते. दाण्यातील तेल सूक्ष्म पेशींमध्ये बंद असते आणि त्या पेशींच्या भिंती तंतूंच्या असल्याने माणसाच्या पाचकरसांना त्या फोडता येत नाहीत; जेवढ्या पेशी दातांखाली फुटतात तेवढ्यांतलेच तेल शरीराला मिळते आणि उरलेले मोठ्या आतड्यातून तसेच बाहेर पडते. अमेरिकेच्या कृषी खात्यातील संशोधकांनी 2012 मध्ये प्रत्यक्ष मोजमाप केले, तेव्हा 28 ग्रॅम अख्ख्या बदामांतून शरीराला सुमारे 129 उष्मांक मिळतात असे आढळले, तर वेष्टनांवर छापला जाणारा आकडा 170 च्या जवळपास असतो. शेंगदाण्यांबाबत 1980 मध्येच असे दिसून आले होते, की अख्खे दाणे खाल्ल्यावर जेवढी चरबी शोषली न जाता बाहेर पडते तेवढी शेंगदाण्याचे लोणी किंवा तेल खाल्ल्यावर पडत नाही.

मराठी स्वयंपाकघरासाठी या निष्कर्षाला विशेष महत्त्व आहे, कारण येथे शेंगदाणा बहुतेक वेळा कुटाच्या रूपात पोटात जातो. भरल्या वांग्यात, काकडीच्या कोशिंबिरीत, उपवासाच्या आमटीत आणि साबुदाण्याच्या खिचडीत पडणारे कूट पेशींच्या भिंती आधीच फोडून आलेले असते, त्यामुळे त्यातील जवळजवळ सर्व ऊर्जा अंगी लागते. शिवाय चावण्याचे श्रम नसल्याने आणि ते इतर पदार्थांत मिसळून गेल्याने किती खाल्ले याचे भानही राहत नाही. कूट वाईट आहे असे यातून निघत नाही, कारण भाजीला दाटपणा आणि प्रथिने देणारा याहून स्वस्त घटक शोधूनही सापडणार नाही. मधल्या वेळेला मात्र अख्खा, सावकाश चावून खावा लागणारा दाणाच अधिक उपयोगी, कारण चावण्यात वेळ जातो आणि प्रथिने, तंतू व मेद यांच्या एकत्रित परिणामाने जठर हळूहळू रिकामे होत असल्याने भूक उशिरा लागते.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत 2,000 उष्मांकांच्या दैनंदिन आहारासाठी कवचफळे आणि तेलबिया मिळून 35 ग्रॅम, आणि वरून वापरायचे तेल-तूप 27 ग्रॅम सुचवले आहे. या 35 ग्रॅममध्ये कूट, तीळ, जवस आणि कारळ्याची चटणी हे सर्व मोजायचे असल्याने, ज्या दिवशी जेवणात कूट सढळ हाताने पडले आहे त्या दिवशी मूठ आवळती ठेवणे योग्य. एरवी 28 ते 30 ग्रॅम म्हणजे मध्यम आकाराच्या हाताची बंद मूठ शेंगदाणे, किंवा 20 ते 23 बदाम, किंवा 16 ते 18 काजू, किंवा अक्रोडाच्या सुमारे 14 अर्ध्या फोडी. चांगला पदार्थ अति झाल्याने काय होते याचा दाखला गांधीजींच्या आत्मकथेतच आहे: 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचा प्रचार करताना त्यांचा आहार प्रामुख्याने शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू यांवर चालला होता, आणि ते लोणी प्रमाणाबाहेर खाल्ल्याने आपल्याला आमांश झाला अशी कबुली त्यांनीच दिली आहे.

दाणे कोणत्या रूपात घ्यावेत हा प्रश्न बहुधा दुर्लक्षित राहतो. भट्टीत वाळूत किंवा मिठात भाजलेले दाणे आणि घरी लोखंडी कढईत मंद आचेवर भाजलेले दाणे हे दोन्ही उत्तमच. खाऱ्या दाण्यांचे मीठ तेवढे रक्तदाब असलेल्यांनी मोजावे. बेसनाचे आवरण देऊन तळलेले मसाला शेंगदाणे किंवा तळून मीठ-मिरी लावलेले काजू मात्र फरसाणाच्याच रांगेत बसतात, त्यांच्या पाकिटावर काहीही छापलेले असो. चिक्कीत गुळाचा वाटा बराच असल्याने ती गोड पदार्थ म्हणूनच खावी. फुटाण्यांबरोबर भाजके दाणे ही जुनी जोडी दोन्ही बाजूंनी सरस आहे, कारण तीत प्रथिने साधारण तेवढीच राहतात आणि मेदाचे सरासरी प्रमाण उतरते. बदाम रात्री भिजवून सोलून खाण्याच्या प्रथेमुळे ते चावायला मऊ होतात, हा लाभ दात कमकुवत असलेल्यांसाठी खरा आहे. पोषण त्यामुळे फारसे वाढत नाही, उलट फेकलेल्या सालीबरोबर तंतूंचा आणि प्रतिऑक्सिडीकारक द्रव्यांचा काही भाग वाया जातो.

शेंगदाण्याविरुद्ध एकच गंभीर आक्षेप घेता येतो, आणि तो बुरशीचा आहे. इंग्लंडमध्ये 1960 साली एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक दगावले आणि तपासाअंती दोष त्यांच्या खाद्यातील ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीकडे गेला. ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी त्या पेंडीत वाढली होती, आणि तिच्या नावावरूनच तिने तयार केलेल्या विषाला अफ्लाटॉक्सिन असे नाव मिळाले. दीर्घकाळ पोटात जात राहिल्यास हे विष यकृताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते, आणि भाजण्याने ते कमी झाले तरी संपूर्ण नष्ट होत नाही. पीक पोसताना पडलेला पावसाचा ताण, काढणीत फुटलेल्या शेंगा आणि ओलसर साठवण ही त्याची मुख्य कारणे आहेत. म्हणून दाणे निवडताना सुरकुतलेले, काळपट, फुटके आणि कुबट वासाचे दाणे काढून टाकण्याची जुन्या गृहिणींची सवय शास्त्राला धरून होती, आणि कडू लागलेला दाणा गिळण्याऐवजी थुंकावा हेही तितकेच खरे. पावसाळ्यात मोठा साठा करण्यापेक्षा थोडे दाणे आणून ते कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. अक्रोडाला बुरशीपेक्षा खवटपणाचा धोका अधिक असतो, कारण त्यातील असंतृप्त मेद हवेतील ऑक्सिजनशी लवकर संयोग पावतो; फोडलेले अक्रोड शीतकपाटातच टिकतात.

मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियम आणि फॉस्फरस मोजून घ्यावे लागतात, तसेच ज्यांना ऑक्सॅलेटचे मूतखडे होतात त्यांनी बदामांबाबत सावध असावे, म्हणून अशा रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. ज्यांना कवचफळांची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी तर एक दाणाही जिवावर बेतू शकतो. शेंगदाण्याची ॲलर्जी टाळण्यासाठी लहान मुलांना त्यापासून दूर ठेवावे असे पाश्चात्त्य देशांत अनेक वर्षे सांगितले जात असे. परंतु लंडनमध्ये 640 तान्ह्या मुलांवर झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने हा सल्ला उलटा फिरवला, कारण ज्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा नियमित दिला गेला त्यांच्यात पुढे ॲलर्जीचे प्रमाण फार कमी राहिले. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना तो देण्याआधी वैद्यकीय सल्ला घ्यावा लागतो. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांच्या आतील मुलाच्या हाती देऊ नये, कारण तो श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. त्या वयात लापशीत कालवलेले बारीक कूटच योग्य.