मातीला जाताना

आमच्या मुरुडात कुणी गेलं की 'मातीला जायचंय' म्हणतात. सरण रचायचं असो की खड्डा खणायचा, शब्द एकच. २०१० साली मी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन मसणवट्यात गेलो. परतलो तर आई दारात बादली घेऊन उभी होती. आधी आंघोळ, मग उंबरा. तो नेम आजही मोडलेला नाही.

पहिली दोन वर्षं भर दुपारचे फोटो काढले, ते सगळे वाया गेले. झिजलेलं कोरीव काम दिसायला ऊन तिरपं लागतं, हिवाळ्यातलं सकाळी सातचं. त्या उन्हात लिंगायतांच्या समाध्या नीट पाहिल्या. तिथं माणसाला आडवं करत नाहीत. पद्मासनात बसवून, तळहातावर इष्टलिंग ठेवून माती देतात. जुन्या दगडी कबरीवर लांबट उंचवटा असेल तर पुरुष, सपाट पाटी असेल तर बाई, हे कब्रस्तानात खड्डे खणणाऱ्या चाचांनी शिकवलं. नाव पुसलं तरी एवढी ओळख उरते.

किल्लारीला मात्र कॅमेरा कशावर धरावा हेच कळेना. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३.५६, भूकंप. गणपती बोळवून माणसं नुकती झोपली होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळाभर गारवा देणारं घरच अंगावर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली. एकेकाला वेगळं सरण कुठून मिळणार? कितीतरी जणांना एकत्रच अग्नी दिला. जुन्या गावठाणात मी पाच वेळा गेलो. माझ्याकडे फोटो आहेत ते फक्त दगडांच्या ढिगांचे आणि त्यांतून उगवलेल्या बाभळींचे. मला ते कबरींचेच फोटो वाटतात.

कोरोनात मातीला वीसच माणसांची परवानगी होती. तेव्हा कॅमेरा कपाटात ठेवला.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो वीरगळांसाठी, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीत उभारलेल्या कोरीव दगडांसाठी. खाली गाईंसाठीची लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंग आणि चंद्रसूर्य. २०१२ साली टिपलेल्या एका वीरगळावर पाच वर्षांनी ऑइलपेंट चढला होता. लावणाऱ्यांनी भक्तीनंच लावला, पण आतला लढणारा माणूस बुजला.

तुमच्या गावात मारुतीच्या पाराशी असा दगड असेल, तर त्याला रंग लावू नका. सकाळच्या उन्हात त्याचा एक फोटो काढा आणि तो कुणाचा, हे गावातल्या जाणत्या माणसाला विचारून लिहून ठेवा.