पंचनाम्यात न बसणारे नुकसान

२०२५ च्या सप्टेंबरात भूम, परंडा, वाशी भागात पावसाने घातलेला धुमाकूळ आठवला की अजूनही अंगावर काटा येतो. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले. ओढ्याकाठच्या जमिनी खरडून गेल्या, दावणीची जनावरे वाहून गेली. पाणी ओसरल्यावर तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक शिवारात फिरले आणि पंचनामे झाले. किती गुंठे गेले, किती जनावरे दगावली, कोणाची भिंत पडली, सगळे कागदावर उतरले.

एक नुकसान मात्र कोणत्याच रकान्यात बसले नाही. रात्री दोनला डोळे उघडतात ते पुन्हा मिटत नाहीत. ताटातली भाकरी तशीच राहते. आभाळ गडगडले की छातीत धडधडते. म्हशीला वैरण टाकायलासुद्धा उठावेसे वाटत नाही. घरचे विचारतात, "काय होतंय?" माणूस म्हणतो, "काय नाही, बरा हाय." या "बरा हाय"च्या मागे जे दडलेले असते, त्याचा पंचनामा कोण करणार?

भूम तालुका दुधाचा आणि खव्याचा. इथला माणूस दिवसातून दोनदा डेअरीवर जातो. जो रोज "फॅट कमी का बसली?" म्हणून हुज्जत घालायचा, तो एके दिवशी मुकाट्याने पावती घेऊन निघून जातो. चार दिवसांनी पोराच्या हाती कॅन पाठवतो. मग एखाद्या महिन्यात म्हैस विकल्याचे कळते. डॉक्टरच्या, तलाठ्याच्या किंवा पाहुण्यांच्या लक्षात येण्याआधी हा बदल डेअरीवरच्या माणसांना दिसतो. दिसतो, पण त्याचे काय करायचे हे ठाऊक नसते, म्हणून कोणी बोलत नाही.

वेड नव्हे, आजार

पारावर या दुखण्याला तीनच नावे आहेत. "डोक्यावर परिणाम झालाय", "बाहेरचं हाय", नाहीतर "कामाचा कंटाळा, नाटकं करतोय". तिन्ही नावांनी माणूस घरात कोंडला जातो. शुगर झाली तर आपण पाहुण्यांना उघड सांगतो की चहा बिनसाखरेचा करा. मनाच्या गोळ्या चालू असतील तर मात्र त्या धान्याच्या कोठीमागे लपवतो. "पोरीची सोयरीक मोडंल", "भावकीला कळलं तर हसं होईल" ही भीती खरी आहे, खोटी म्हणून ती उडवून लावता येत नाही. पण लपवल्याने आजार वाढतो आणि वाढलेला आजार शेवटी गावाला कळतोच.

बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात दर १०० प्रौढांपैकी सुमारे १० जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. नैराश्य असलेल्या १०० जणांपैकी ८५ जण उपचाराविना होते. म्हणजे हजार वस्तीच्या गावातही अशी बरीच माणसे असणार. ती वेडी नाहीत. ती आपल्यातच उठतात, बसतात, पेरतात.

दुःख आणि आजार यांत फरक आहे. पीक गेल्यावर वाईट वाटणारच. ते आठ दिवसांनी थोडे हलके होते, पोरांत, कामांत मन लागते. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज मन उदास, कशातच गोडी नाही, झोप आणि भूक बिघडलेली, सतत थकवा, चिडचिड, "माझ्यामुळंच घर बुडालं" असे वाटणे, मरणाचे विचार येणे, असे असेल तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहे. आपल्याकडे पुष्कळदा हा आजार शरीराच्या वाटेने बाहेर येतो. डोके दुखते, छाती भरून येते, पाठीला मुंग्या येतात. सलाईन लावून होते, रक्ताच्या तपासण्या होतात, सगळे ठीक निघते, तरी दुखणे जात नाही. बायाबापड्यांच्या बाबतीत तर "हिला रोजचंच काहीतरी दुखतंय" म्हणून विषय तिथेच संपतो. बाळंतपणानंतर खचलेल्या लेकी-सुनांनाही असेच बोल ऐकावे लागतात.

दारूबद्दल एक सांगायला हवे. झोप यावी म्हणून घेतलेली दारू झोप आणखी बिघडवते आणि नैराश्य वाढवते. "दारूनं गेला" असे आपण ज्यांच्याबद्दल म्हणतो, त्यांतल्या कित्येकांचे मन आधी गेलेले असते.

देवऋषी आणि डॉक्टर

आपला माणूस आधी देवाकडे जातो. तुळजापूरला, येरमाळ्याला जाऊन मनाला उभारी येत असेल तर कोणी आडवे यायचे कारण नाही. पण देवदर्शन आणि औषध यांचे भांडण नाही. भांडण आहे ते अंगारे-धुपारे, मार, चटके आणि साखळदंड यांच्याशी. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणेही मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेल्या मनोरुग्णांना पळताही आले नाही. २८ जण गेले. गोठ्यात, माडीवर कोणाला बांधून ठेवले असेल तर पोलीस पाटलांनी "घरातला मामला" म्हणून गप्प बसू नये. अशा माणसाला संरक्षण आणि उपचार मिळवून देण्याची जबाबदारी कायद्याने पोलिसांवर टाकली आहे.

किल्लारीचा धडा

हे सगळे आपल्या जिल्ह्याला अगदी नवे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि लातूरबरोबर आपल्या उमरगा, लोहारा भागातली गावे ढिगाऱ्याखाली गेली. नवी घरे बांधून झाली तरी लोक स्लॅबखाली झोपायला धजेनात. पुण्याच्या मानसिक आरोग्य संस्थेने डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्तांच्या मनाचा अभ्यास केला. संकट ओसरल्यावरही मनाची जखम वाहत राहते, हा धडा मराठवाड्याने तेव्हाच घेतला होता. पण घरे मोजली गेली, मने पुन्हा विसरली गेली.

२०१५ च्या दुष्काळात सरकारने बळीराजा चेतना अभियान सुरू केले, ते यवतमाळ आणि आपला जिल्हा या दोनच जिल्ह्यांत. गावोगाव समित्या झाल्या. त्याच सुमारास विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आला. आशाताईंनी घरोघरी जाऊन साधे प्रश्न विचारायचे, खचलेला माणूस हेरायचा आणि त्याला समुपदेशकापर्यंत पोचवायचे, अशी त्याची मांडणी. विनायक हेगाणा यांच्या शिवार फाउंडेशननेही शेतकऱ्यांचे फोन घेऊन अडचण ऐकून घेण्याचे काम याच जिल्ह्यात उभे केले. योजना कागदावर चांगल्याच असतात. पण आशाताई दारात आली की घरधनी म्हणतो, "आमच्यात तसलं काय नाही." तिथे योजना संपते.

दार उघडले तर काय होते, हे अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांनी दाखवले आहे. 'विश्राम' नावाच्या प्रकल्पात गावातल्याच लोकांना शिकवून तयार केले. ते घरोघर बोलले, बैठका घेतल्या, गरज पडली तर डॉक्टरकडे नेले. आधी नैराश्य असलेल्या १०० पैकी जेमतेम ४ जण मदत घेत होते. दीड वर्षाने ते प्रमाण २७ वर गेले. आत्महत्येचा विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. हे आकडे २०१७ साली प्रसिद्ध झाले. तिथला शेतकरीही कापूस-सोयाबीनचाच, कर्जाचाच.

भाऊसाहेब, एवढे करा

शेतकरी आत्महत्येनंतर घरी येणारी फाईल गावाला पाठ आहे. नापिकी आहे का, कर्ज आहे का, वसुलीचा तगादा होता का, हे तपासायचे आणि पात्र की अपात्र ठरवायचे. पात्र ठरले तर १ लाख रुपये. त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, असा २००६ चा निर्णय. ही फाईल माणूस गेल्यावर उघडते. माणूस असताना उघडायची फाईल गावालाच तयार करावी लागेल.

त्याला निधी लागत नाही. नुकसानीच्या पंचनाम्याला गेलेले भाऊसाहेब आकडे लिहून झाल्यावर "झोप लागते का?" एवढे विचारू शकतात. ग्रामसभेत वर्षातून एकदा तरी आशाताई आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना या विषयावर बोलायला लावता येते. ग्रामपंचायतीच्या, सोसायटीच्या, डेअरीच्या भिंतीवर मदतीचा नंबर रंगवता येतो. वसुलीला जाणाऱ्या सोसायटीच्या सचिवाने चारचौघांत पाणउतारा करू नये, हेही यातच आले. शाळेतल्या गुरुजींना घरातली पडझड पोराच्या तोंडावर दिसते. त्यांनी ती आशाताईच्या कानावर घालावी.

ज्या घरात कोणी खचले आहे, तिथे एक काम आजच करावे. फवारणीची औषधे घरात ठेवू नयेत. पेटीला कुलूप घालून ती दुसरीकडे ठेवावी आणि चावी भरवशाच्या शेजाऱ्याकडे द्यावी. मरणाचा विचार बहुधा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या घडीला हाताशी काही नसले तर माणूस वाचतो.

विचारायचे कसे?

पुष्कळांना वाटते, मरणाचे नाव काढले तर त्याच्या डोक्यात नसलेला विचार येईल. तसे होत नाही. सरळ, मायेने विचारले की माणूस मोकळा होतो. "तात्या, लई दिस झालं गप गप दिसताय. जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?" एवढे विचारा आणि मग ऐका. "सगळ्यांचंच गेलंय, तुझं एकट्याचं का?", "गडी माणूस असून रडतो काय?" ही दोन वाक्ये मात्र टाळा. हो म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका, दवाखान्यात सोबत जा. जीव धोक्यात असेल तर १०८ ला फोन करा.

मदतीची पहिली पायरी म्हणजे आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यापुढे भूमचे ग्रामीण रुग्णालय आणि धाराशिवचे शासकीय रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. घराबाहेर पडायची लाज वाटत असेल तर १४४१६ हा 'टेलिमानस'चा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे. रात्री-अपरात्री कधीही लावा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते.

औषधांबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नैराश्याच्या गोळीला गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत "फरक नाही" म्हणत सोडू नये. आणि बरे वाटले की स्वतःच्या मनाने बंद करू नये, डॉक्टर सांगतील तेव्हाच हळूहळू कमी करावी.

पोलीस केसची भीतीही आता काढून टाकावी. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, म्हणून घरचे लोक दवाखान्यात खरे सांगत नसत. २०१७ च्या कायद्याने असा माणूस मोठ्या ताणाखाली होता असे धरून त्याला उपचार द्यायचे ठरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम राहिलेले नाही. सरकारी नोकराला कामापासून अडवण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळा. तेव्हा डॉक्टरला खरे सांगावे. त्यानेच जीव वाचतो.

शेवटी पुन्हा डेअरीवर येऊ. उद्या सकाळी रांगेत एखादा कॅन कमी दिसला, तर मापाड्याने फक्त वहीत आडवी रेघ मारू नये. जाता जाता त्या घरावरून जावे, ओसरीवर टेकावे, चहा मागावा. म्हशीची चौकशी आपण करतोच. म्हशीच्या मालकाचीही करावी.