जामच्या ढाब्याला किती गुण?

नागपूरहून चंद्रपूरला निघालं की जामला थांबणं ठरलेलंच. समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव. इथून एक रस्ता हिंगणघाटमार्गे हैदराबादकडे जातो, दुसरा वरोऱ्याकडून चंद्रपूरला. इथल्या हॉटेलांचं पोट या वाटसरूंवरच.

मागच्या खेपेला एका ढाब्यावर जेवण पाऊण तासाने आलं, भाजीही तिखटजाळ. गाडीत बसताच आमच्या मुलाने मोबाईलवर अभिप्राय लिहायला घेतला : 'एकदम बेकार. कुणी जाऊ नका.'

अम्मींनी विचारलं, "बेटा, रोट्या कशा होत्या?"

"गरम होत्या, दादी."

"मग तेही लिही ना!"

वरोरा येईपर्यंत आम्ही मिळून कसोट्या ठरवल्या.

पहिली : ढाब्याची तुलना ढाब्याशीच करायची. घेतलेल्या पैशांत वाटसरूला काय मिळालं, एवढंच पाहायचं.

दुसरी : दिसलेलं आणि आवडलेलं वेगळं लिहायचं. दरफलक, बिल, पिण्याचं पाणी, बायकांसाठी स्वच्छ शौचालय, अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक या गोष्टी कुणीही तपासू शकतो. तिखट ही मात्र जिभेची बाब. विदर्भात सावजी रस्सा मिटक्या मारत खाणारे कमी आहेत का?

तिसरी : जे विचारलं नाही, त्यावर बोलायचं नाही. मटण हलाल आहे का, हे मालकाला विचारावं आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं नोंदवावं. आम्ही भाजीच खाल्ली, म्हणून तो मुद्दा सोडला.

चौथी : दिवस आणि वेळ सांगायची. रविवारी दुपारच्या गर्दीवरून रोजचा कारभार ठरत नाही.

पाचवी : मालक ओळखीचा असेल किंवा बिलात सूट मिळाली असेल, तर तेही सांगायचं. खोट्या कौतुकानेही दुसऱ्या कुटुंबाचे पैसे बुडतात.

मग वीस गुण वाटले : स्वच्छता 7, ताजेपणा 6, दर आणि बिल 4, वेळ आणि वागणूक 3. मुलाने हिशेब केला : 5, 5, 4 आणि 1. बेरीज पंधरा! 'बेकार' ढाबा चांगल्या गुणांनी पास झाला. उशिराचा एक गुण मात्र एकच राहिला; तो लपवणंही अन्यायच.

आमची एक चूक राहिलीच. हे गुण आम्ही जेवल्यावर वाटले. मापं तोलण्याआधी ठरवायची असतात. पुढच्या वेळी ताट येण्यापूर्वीच कागद काढू आणि तक्रार असेल तर आधी गल्ल्यावर जाऊन मालकाला सांगू. आमच्या दोन ओळींवर त्याच्याही घरची चूल अवलंबून आहे.