फवारणीचं विष आणि सल्ल्याची मर्यादा

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. घाटंजी तालुक्यालाही त्याची झळ बसली. त्यानंतर आजवर एकच खुलासा ऐकू येतो: लोकांनी मास्क आणि हातमोजे घातले नाहीत, त्यांना पुरेशी माहिती नव्हती. यात तथ्य आहे, पण सगळा दोष मरणाऱ्याच्या अज्ञानावर टाकणं अन्यायाचं आहे. त्या हंगामात कपाशी माणसाच्या उंचीपर्यंत वाढली होती, त्यामुळे फवारा थेट तोंडावर आणि छातीवर येत होता. बोंडअळी आटोक्यात येईना म्हणून दोन-तीन कीटकनाशकं एकत्र मिसळली जात होती. शिवाय पंप पाठीवर घेणारा बहुतेक वेळा रोजंदारीचा मजूर असतो. डबा त्याने विकत घेतलेला नसतो, त्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वाधिक विषारी, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. सप्टेंबरच्या दमट उकाड्यात अंगभर प्लास्टिकचा पोशाख घालून दिवसभर फवारणी करा, हा सल्ला देणं सोपं आहे. तो पाळून रोजी कमावणं फार कठीण आहे.

असंच संकट पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनवर आलं होतं. तिथल्या उत्तरेकडच्या कापूस पट्ट्यात 1999-2000 च्या हंगामात एंडोसल्फानने किमान 37 जणांचा बळी घेतला. पुढे त्या देशाने हे रसायनच बंद केलं. श्रीलंकेने 1995 मध्ये मोनोक्रोटोफॉससारखी जहाल कीटकनाशकं बंद केली आणि, कीटकनाशक पिणं हा तिथे आत्महत्येचा मोठा मार्ग असल्याने, पुढच्या दहा वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर जवळपास निम्म्यावर आला. बंदीने पीक बुडेल, ही शेतकऱ्याची भीती समजण्यासारखी आहे, कारण कर्ज त्याच्या डोक्यावर असतं. पण श्रीलंकेत बंदीनंतर उत्पादन घटल्याचं अभ्यासात दिसलं नाही. गुलाबी बोंडअळी तर बोंडाच्या आत शिरून बसते, तिथे फवारा पोचतच नाही. कामगंध सापळे लावणं आणि फरदड (त्याच झाडांचं वाढीव पीक) न घेता डिसेंबरअखेर शेत मोकळं करणं, हे उपाय तिच्यावर जास्त चालतात.

मग आरोग्यशिक्षण निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. बंदी झाली तरी उरलेली रसायनं विषारीच असतात. मात्र ते शिक्षण मजुरापर्यंत, फवारणीच्या आधी आणि त्याच्या बोलीत पोचलं पाहिजे. अंधुक दिसणं, खूप घाम, तोंडाला लाळ, उलटी ही विषबाधेची लक्षणं आहेत. अशा वेळी कपडे काढून अंग साबणाने धुवावं आणि रिकामा डबा सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांवर अॅट्रोपिन लागू पडतं, पण ते वेळेत मिळालं तरच. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात हंगामाआधी त्याचा साठा असणं हेही आरोग्यशिक्षणाइतकंच सरकारचं काम आहे.

2017 च्या प्रकरणाचा तपास करणाऱ्या विशेष पथकाने मोनोक्रोटोफॉसवर बंदीची शिफारस केली होती. त्याच्या 36 टक्के द्रावणावर बंदीचा आदेश केंद्राने काढला तो 2023 मध्ये. सहा वर्षं हा फार मोठा उशीर आहे. घाटंजीच्या ग्रामपंचायतींनी दरवर्षी जूनमध्ये मजुरांची सभा घेऊन ही लक्षणं सांगावीत, आणि कुणाला विष बाधलं तर पहिला प्रश्न त्याच्या हातमोज्यांचा न विचारता, ते रसायन विक्रीला कसं आलं, असा विचारावा.