धूळ उडवू नका, ओढून घ्या!

रात्रीचे साडेनऊ. माग थांबतात, खटखट बंद होते आणि तुम्ही अभ्यासाला बसता. तेवढ्यात खालून झाडूचा आवाज येतो. सकाळी वह्यांवर पांढरा थर, शिवाय आईचा खोकला आहेच! खाली कारखाना, वर घर. सोलापूरच्या पूर्व भागात राहत असाल तर हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडेही हेच आहे.

सोलापुरी चादर आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, याचा आपल्याला अभिमान. पण कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून आत गेली, तर 'बिसिनोसिस' हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. सुट्टीनंतर कामावर गेलं की छाती आवळल्यासारखी वाटणं, हे त्याचं सुरुवातीचं लक्षण. झाडूनं किंवा कॉम्प्रेसरच्या हवेनं ही धूळ जात नाही, फक्त जागा बदलते. तिला ओढूनच घ्यावं लागतं.

म्हणून आम्ही वर्कशॉपचा व्हॅक्यूम आणला. निवडला कसा? जास्त वॅटचा बघून! आवाज इतका, की दुसऱ्या आठवड्यात तो कोपऱ्यात गेला आणि झाडू परत आला. तेव्हा कळलं, कमी आवाज ही चैन नाही. मशीन रोज वापरलं जाईल की नाही, ते त्यावरच ठरतं.

तुम्ही घेणार असाल तर एवढं बघा:

आवाज : पेटीवर डेसिबलचा आकडा शोधा. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ७० आणि ८० यांत फरक 'थोडासा' नसतो. आकडा नसेल तर दुकानात मशीन सुरू करायला लावा आणि फोनवरच्या ॲपनं एकाच अंतरावरून दोन-तीन मॉडेल्स मोजा. आकडे अंदाजे येतील, पण तुलना होईल.

वॅट : वॅट म्हणजे मशीन खातं ती वीज, ओढण्याची ताकद नव्हे. १४०० वॅटचं मशीन सहा अँपिअर घेतं, त्यामुळे १६ अँपिअरचाच पॉइंट हवा.

फिल्टर : हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. पण कापसानं तो लगेच तुंबतो, म्हणून आत पिशवी बसणारं मॉडेल घ्या. फिल्टर तुंबला की ओढ कमी होते आणि मोटरचा सूर चढतो.

पाइप : लांब पाइप असेल तर मशीन दाराबाहेर ठेवता येतं. खाली रबरी मॅट टाकली की फरशीची थरथरही कमी होते.

दोन गोष्टी विसरू नका. माग बंद करूनच साफसफाई करा आणि पेटती विडी, गरम राख कधीही ओढू नका. आतला कापूस पेट घेतो.

आणि वेळ? निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. कितीही शांत व्हॅक्यूम त्यात बसणार नाही. त्यामुळे माग थांबल्या थांबल्या, दहाच्या आत उरका.

आता आमच्याकडे दुसरा, कमी आवाजाचा व्हॅक्यूम आहे. बाबा तो रोज स्वतःहून काढतात. वह्या स्वच्छ राहतात. आईचा खोकला मात्र अजून आहे, या आठवड्यात तिला छातीच्या डॉक्टरांकडे नेतेय. तुमच्या घरीही कुणी असंच खोकत असेल, तर मशीन घेण्याआधी तेवढं करा.